शिदोरीचा धर्म

काल्याच्या कीर्तनास उभे राहिलो की आम्ही भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या अध्यायाशी हटकून येतो. यमुनेच्या वाळवंटी गोपाळांनी आपापली शिंकी सोडली. भगवंत मध्यभागी बसले आणि डाव्या हाती दहीभाताचा घास धरून सवंगड्यांसह जेवले. यज्ञाचा भोक्ता तो, पण घरून बांधून आणलेल्या साध्या शिदोरीत रमला!

आमच्या मुरुडाहून रोज सकाळी कामाकरिता दापोलीस निघालेली मंडळी डबा घेऊन एस.टी.ची वाट पाहतात, तेव्हा आम्हांस त्याच शिदोरीचे स्मरण होते. रोजचे खानावळीचे जेवण बेताच्या मिळकतीस झेपत नाही. म्हणून डबा हवाच. पण तो निर्दोषही हवा. हे आम्ही स्वतः भोगून शिकलो.

काही वर्षांपूर्वी श्रावणात परगावी काल्याचे कीर्तन होते. पहाटेचा वाफाळता भात आम्ही तसाच डब्यात दाबून भरला. "निवू तरी द्या, नाहीतर दशम्या न्या," असे घरातून बजावले होते. आम्ही ऐकले नाही. कीर्तन लांबले, डबा तिसऱ्या प्रहरी उघडला. भातास किंचित वास होता, तरी अन्न टाकू नये म्हणून जेवलो. रात्रभर वांत्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशीचे कीर्तन बुडाले. अन्नाचा मान राखण्याच्या नादात आम्ही शास्त्राचीच आज्ञा मोडली होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात 'यातयाम' अन्न तामस म्हटले आहे. आचार्य शंकर त्याचा अर्थ अर्धेकच्चे असा करतात; श्रीधरस्वामी मात्र शिजून प्रहर उलटलेले, निवालेले भातादी अन्न असा करतात. प्रहर म्हणजे तीन तास. आजचे वैद्यकशास्त्र तर याहून कडक आहे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्या हवेच्या उष्णतेत ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातातील बॅसिलस सीरियस नामक जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा तापवूनही जात नाही.

मुंबईस १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचविण्याची व्यवस्था आरंभली. तिचे मर्म हेच, की चूल आणि मुख यांतील काळ कमी व्हावा. आपल्या गावी ती सोय नाही. तेव्हा टिकणारा पदार्थ निवडणे हाच मार्ग.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय शिळ्या अन्नास दोष देतो, पण स्नेहयुक्त पदार्थास व दह्यास सूट देतो. आपल्या आज्यांनी हे जाणले होते. म्हणूनच प्रवासास दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या असत. नाचणीची भाकरी, कोरडी परतलेली भाजी, सुक्या खोबऱ्याची चटणी, लोणचे यांस खर्च तो किती? ओल्या नारळाचे वाटण, पातळ आमटी आणि भात मात्र दुपारच्या डब्यात नकोत. डबा कढत पाण्याने धुऊन कोरडा करावा. भाकरी-भाजीची वाफ जाऊ द्यावी, मगच झाकण लावावे. आणि वास आला, तर निःशंकपणे टाकावे. अन्नाचा अपमान टाकण्यात नाही, बिघडू देण्यात आहे.

काल्यात कोणाची शिदोरी श्रीमंत, कोणाची गरीब, हे कोणी विचारत नाही. तेव्हा कामाच्या ठिकाणी भाकरीचा डबा उघडताना संकोच कसला? वाचकहो, डबा भरणाऱ्या हातांनी तो नैवेद्यासारखा शुद्ध भरावा, आणि नेणाऱ्याने वेळेवर, शेजाऱ्यास घास देऊन खावा. गोपाळांचा काला याहून निराळा नव्हता.