वेळणेश्वरचे वारा-पाणी

‘फेंगशुई’ हा शब्द उच्चारला की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक वस्तू उभ्या राहतात. पोट सुटलेला हसरा बुद्ध, दारात किणकिणणारी नळ्यांची माळ, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, काचेच्या भांड्यातील बांबू. १९९० च्या दशकात मलेशियातील लेखिका लिलियन टू यांच्यासारख्यांच्या पुस्तकांनी घरगुती फेंगशुई जगभर पोहोचवली आणि पाहता पाहता मुंबई-पुण्यातील भेटवस्तूंच्या दुकानांत तिचा स्वतंत्र कोपरा तयार झाला. मूळ विद्येत मात्र या वस्तूंना फारसे स्थान नव्हते. चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. डोंगर कोठे आहे, ओढा कोणीकडे वळतो, वारा कोणत्या खिंडीतून येतो, हे पाहून वस्ती कोठे करावी आणि पूर्वजांचे दफन कोठे करावे हे ठरविण्याची ती विद्या होती.

तिचा हा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर तिचा विचार करण्यासाठी दिवाणखान्यापेक्षा रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वर हे ठिकाण अधिक सोयीचे आहे. डोंगर, पाणी आणि वारा यांनी माणसांचे जगणे कसे घडते, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

चीनमधील मूळ विचार

चौथ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या गुओ पू या विद्वानाच्या नावावर दफनविधीविषयीचा एक ग्रंथ सांगितला जातो. ‘ची’ ही जीवनशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा विचार त्यात मांडलेला आहे. पुढे या विद्येचे दोन मुख्य पंथ झाले. एक भूरूप पाहणारा, दुसरा होकायंत्र आणि दिशांचे गणित मांडणारा. भूरूप पंथाचे आदर्श चित्र सोपे आहे. पाठीशी उंच डोंगर, त्याला ‘काळे कासव’ म्हणतात. डाव्या हाताला ‘निळा-हिरवा ड्रॅगन’ आणि उजव्या हाताला ‘पांढरा वाघ’ अशा दोन डोंगररांगा. पुढे मोकळी जागा आणि पाणी, तो ‘लाल पक्षी’. थोडक्यात, आरामखुर्चीसारखी जागा.

या चित्रामागे चीनचे हवामान आहे. तेथे हिवाळ्यात सैबेरियाकडून गोठविणारे उत्तरी वारे येतात. म्हणून पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे, हा नियम तेथे जिवाला आधार देणारा ठरला. दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगच्या ग्रामीण भागात वस्तीच्या पाठीमागील उतारावर ‘फेंगशुईची राने’ राखलेली आढळतात. तेथील झाडे तोडली तर गावाचे भाग्य जाईल, अशी श्रद्धा होती. प्रत्यक्षात त्या रानांनी उतारावरील माती धरून ठेवली, वादळी वारे अडवले आणि ओढ्यांना पाणी पुरवले. अर्न्स्ट आइटेल या जर्मन मिशनऱ्याने १८७३ साली फेंगशुईवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने तिला चीनमधील निसर्गविज्ञानाची प्राथमिक पायरी मानले होते.

वेळणेश्वरची आरामखुर्ची

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. गुहागर उत्तरेला, दशभुज गणेशासाठी प्रसिद्ध असलेले हेदवी दक्षिणेला आणि त्याही पलीकडे शास्त्री नदीची जयगड खाडी. गावाच्या नावाचा संबंध ‘वेला’ म्हणजे समुद्राचा किनारा, भरतीची मर्यादा या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. किनाऱ्यालगत माडांच्या सावलीत वेळणेश्वराचे शिवमंदिर आहे. गोखले, गाडगीळ आणि अशा अनेक घराण्यांचे ते कुलदैवत असल्याने देशभर विखुरलेली कुटुंबे येथे दर्शनाला येतात.

वरून पाहिले तर गावाची रचना एकेका पट्ट्यात उलगडत जाते. सर्वात वर जांभ्या दगडाचा सपाट, उघडा सडा. त्याखाली झाडीचा उतार. उताराच्या पायथ्याशी घरे, विहिरी आणि नारळी-पोफळीच्या बागा, म्हणजे आगर. आगराच्या पुढे वाळूची पुळण आणि मग चंद्रकोरीसारखा वळलेला समुद्र. कोरीच्या दोन्ही टोकांना डोंगर पाण्यात उतरतात. पाठीला डोंगर, दोन बाजूंना दोन हात, पुढे पाणी. चिनी भूरूप पंथाचा जाणकार हे दृश्य पाहून संतुष्ट झाला असता.

वस्ती करणाऱ्यांनी मात्र चिनी ग्रंथ वाचले नव्हते. त्यांनी जमीन वाचली होती. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उताराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही एप्रिल-मे महिन्यांत उघड्या सड्यावर टँकरची वाट पाहावी लागते आणि पायथ्याच्या आगरातील विहिरीला पाणी असते. म्हणून वस्ती सड्यावर न होता पायथ्याशी झाली. विहिरीवर रहाट बसला, पाट काढले गेले आणि शिंपण्यावर पोफळ व माड उभे राहिले.

वाऱ्याचा हिशेबही असाच आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा पावसाची झड घेऊन सरळ घरावर येतो. त्याचा पहिला मारा पुळणीवरील केवड्याची बने आणि माडांची रांग झेलते. त्यामागील घर ठेंगणे, उतरत्या कौलांचे असते. पावसाळ्यापूर्वी त्याची पश्चिमेकडची बाजू झावळ्यांच्या झापांनी शाकारण्याची रीत होती. पडवी झड अंगावर घेते आणि माजघर कोरडे राहते. वाऱ्याला अडवायचे कोठे आणि वाट द्यायची कोठे, याचे उत्तर या घरांच्या बांधणीतच आहे.

एक गाव, दोन निकाल

येथे एक मोठा पेच उभा राहतो. बाजारात मिळणाऱ्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत एक नियम हमखास असतो. भूखंडाचा उतार पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे असावा, दक्षिण व पश्चिम बाजू उंच असाव्यात आणि पाणी ईशान्येला असावे. कोकणच्या किनाऱ्यावर हे सारे उलटे आहे. डोंगर पूर्वेला, उतार पश्चिमेकडे, आणि पाणी म्हणजे प्रत्यक्ष अरबी समुद्रही पश्चिमेलाच. हा नियम शब्दशः लावला, तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची बहुतेक किनारी गावे सदोष ठरतात. फेंगशुईच्या भूरूप पंथाने मात्र वेळणेश्वरला उत्तम गुण दिले असते. त्यातही होकायंत्राच्या पंथाने दक्षिणेकडे तोंड नाही म्हणून काही गुण कापले असते.

गाव एकच, जमीन तीच, माणसेही तीच, आणि निकाल दोन. याचा अर्थ एवढाच की हे नियम ज्या भूमीत जन्मले त्या भूमीचे आहेत. उत्तर चीनमध्ये पाठ उत्तरेला हवी, कारण थंडी तेथून येते. कोकणात पाठीला पूर्वेचा डोंगर मिळतो, कारण सह्याद्रीचे फाटे तेथेच आहेत. नियमामागील कारण सोडून फक्त दिशा उचलली, की शास्त्राचे रूपांतर ठोकताळ्यात होते.

भारतीय परंपरेतही कारणांसह जमीन वाचण्याचा धागा होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वास्तुविद्येचे प्रकरण आहे आणि ‘दकार्गल’ नावाचे भूगर्भातील पाणी शोधण्याविषयीचे प्रकरणही आहे. कोणते झाड कोठे उगवले आहे, त्याच्या जवळ वारूळ आहे काय, माती व दगड कोणत्या रंगाचे आहेत, यावरून पाण्याची दिशा आणि खोली सांगण्याचा प्रयत्न त्यात केला आहे. त्यातील प्रत्येक अनुमान आजच्या कसोटीवर उतरेलच असे नाही. पण आधी भूमी पाहावी आणि मग बोलावे, ही त्याची रीत आहे. वास्तुविद्येचा बाजार वाढला तेव्हा तिच्यातील दिशांचे कोष्टक तेवढे उचलले गेले, दकार्गल मागे राहिले.

भूमी माणसाला कशी घडवते?

भोवतालच्या भूरचनेचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो काय, या प्रश्नाचे उत्तर ‘होतो’ असेच आहे. मात्र तो परिणाम गूढ नसतो. कोकणात सपाट, खोल मातीची जमीन थोडी. भाताची खाचरे लहान, उतारावर वरी-नाचणी. एवढ्यावर वाढत्या कुटुंबाचे पोट भरत नसे. त्यातच खोती पद्धतीचा भार होता. म्हणून घरटी एक माणूस मुंबईला, हा क्रम एकोणिसाव्या शतकापासून सुरू झाला. गिरण्या-गोद्यांमध्ये राबणाऱ्या हातांनी पाठविलेल्या मनीऑर्डरवर गावे चालली. त्याआधी १७१३ साली श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद मिळाल्यानंतर किनाऱ्यावरील अनेक घराणी घाटावर गेली. कुलदैवत वेळणेश्वरला आणि बिऱ्हाड पुण्याला, असे जे दुहेरी जीवन मराठी कुटुंबांत दिसते, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर ही तोकडी जमीनही आहे.

मनावर होणाऱ्या परिणामाचेही काही पुरावे आहेत. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. रुग्ण अवघे ४६. तरी त्यानंतर रुग्णालयांच्या रचनेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपल्टन यांनी १९७५ मध्ये असे सुचविले होते की, जेथून दूरवर पाहता येते आणि पाठीला आडोसाही असतो, अशा जागा माणसाला स्वभावतःच आवडतात. वेळणेश्वरच्या पुळणीवर बसलेल्या पर्यटकाला वाटणाऱ्या स्वस्थतेचे हे एक साधे स्पष्टीकरण असू शकते.

डोंगराची पाठ कापताना

हा विषय आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, रस्ते सुधारले आणि शहरांतून ‘सेकंड होम’साठी कोकणात जमिनी घेणाऱ्यांची संख्या वाढली. पूर्वी येथून गेलेल्यांचे वंशजही त्यांत आहेत. जागेची पाहणी करताना दिशा तपासली जाते, प्रवेशद्वार कोठे असावे यावर चर्चा होते. मात्र डोंगराची कड कापून सपाटी केली जाते, पावसाळी ओढा पाइपमध्ये घातला जातो आणि समुद्र दिसावा म्हणून पुळणीवरील झाडी साफ होते. दिशा सांभाळली जाते आणि वारा-पाणी बिघडते.

त्याची किंमत काय असू शकते, हे कोकणाने अलीकडे पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बाणवली जातीचा माड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे एका दिवसात एका पिढीची मिळकत गेली. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. या आपत्तींमागे प्रथम अतोनात पाऊस आणि वादळ होते, हे खरे. तळियेच्याही पाठीशी डोंगर होता. तेव्हा पाठीला डोंगर असणे एवढ्यानेच कोणती जागा शुभ ठरत नाही. त्यावर झाडोरा आहे काय, माती किती खोल आहे, मुरलेल्या पाण्याला वाट आहे काय, यावर तो आधार ठरतो की धोका, हे अवलंबून असते.

कोकणातील देवराया ही या समजुतीचीच खूण आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे पर्यावरणीय मोल जगापुढे मांडले. देवाचे रान म्हणून कुऱ्हाड न लावलेल्या या तुकड्यांत अनेक ठिकाणी गावाचा झराही आढळतो. हाँगकाँगच्या ग्रामस्थांनी भाग्याच्या नावाने जे राखले, ते कोकणातल्या गावकऱ्यांनी ग्रामदेवतेच्या नावाने राखले. नाव वेगळे, काम बरेचसे सारखे.

कोकणात जागा घेणाऱ्याने म्हणूनच काही साधे प्रश्न विचारावेत. पावसाळ्यात या जमिनीवरून पाणी कोठून येते आणि कोठे जाते? वरचा उतार झाडांनी धरलेला आहे की कापलेला? शेजारच्या जुन्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते काय? भरतीची सर्वांत वरची खूण कोठे आहे आणि १९९१ पासून लागू असलेले, पुढे २०११ व २०१९ मध्ये बदललेले सागरी किनारा नियमन काय सांगते? मोसमी वारा घराच्या कोणत्या भिंतीवर आदळणार? जमीन एकदा तरी जुलै महिन्यात पाहावी, आणि या प्रश्नांची उत्तरे गावातील जुन्या जाणत्यांकडून घ्यावीत. त्यानंतर दारात घंटा टांगायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. घराचे सुखदुःख मात्र पाठीमागचा उतार, विहिरीचे पाणी आणि पुढची माडांची रांग यांच्याशीच अधिक बांधलेले राहील.