तंबाखूची बदलती जाहिरात

तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीस २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केलेली आहे. वृत्तपत्रे, चित्रपटगृहे आणि रस्त्यावरील फलक यांतून सिगारेटची उघड जाहिरात दिसेनाशी झाली, याला आता वीस वर्षे होऊन गेली. तथापि नागपूर शहरात आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांत तंबाखूशी ओळख पुष्कळदा शालेय वयातच होते, हे शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना वेगळे सांगावयास नको. जाहिरातीवर बंदी असताना या पदार्थाची ओढ नव्या पिढीपर्यंत पोहोचते कशी, या प्रश्नाचे उत्तर तंबाखूच्या जाहिरातीच्या इतिहासातच सापडते. एक मार्ग बंद झाला की दुसरा शोधावयाचा, अशी या जाहिरातीची रीत राहिली आहे. त्यांतील शेवटचा मार्ग आपल्या गावाच्या हद्दीतून जातो. तो बंद करणे मुख्यतः गावाच्याच हाती आहे.

यंत्र आले, जाहिरात आली

सिगारेट पूर्वी हाताने वळली जात असे. अमेरिकेत जेम्स बोन्सॅक याने तयार केलेल्या यंत्राला १८८१ मध्ये पेटंट मिळाले आणि एका यंत्रातून दिवसाकाठी लाखाहून अधिक सिगारेटी बाहेर पडू लागल्या. एवढा माल खपवावयाचा तर गिऱ्हाईक निर्माण करणे भाग होते. पाकिटात रंगीत चित्रे घालणे, ती जमविण्याचा छंद मुलांना लावणे, खेळाडूंची व नटनट्यांची नावे मालाला जोडणे हे उपाय याच गरजेतून निघाले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत काही स्त्रियांना सिगारेट ओढत चालावयास लावून तो स्त्रीस्वातंत्र्याचा आविष्कार असल्याचे भासविण्यात आले. पुढे तर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचाही जाहिरातीसाठी उपयोग करण्यात आला.

१९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका येथील संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रिटनने १९६५ मध्ये आणि अमेरिकेने १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद केल्या. तेव्हा जाहिरातीचा पैसा मासिके, रस्त्यावरील फलक आणि खेळांचे सामने यांकडे वळला.

विडीचे लेबल

आपल्याकडे सिगारेट ही शहरातील व सुस्थितीतील लोकांची वस्तू होती. सामान्य माणसाच्या हाती विडी होती. पूर्व विदर्भातील जंगलांत मिळणारे तेंदूपान, रेल्वेची सोय आणि स्वस्त मजुरी यांमुळे भंडारा, गोंदिया व नागपूर या भागांत विडीचा धंदा वाढला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटऐवजी विडी ओढणे हे देशप्रेमाचे लक्षण मानणारेही निघाले.

विडीची जाहिरात मुख्यतः तिच्या कट्ट्यावरील कागदी लेबलाने केली. ग्राहक बहुधा निरक्षर असल्याने लेबलावर ठसठशीत आकडा, प्राणी, देवदेवता किंवा कारखानदाराचे छायाचित्र छापले जाई. चित्र ओळखले की माल ओळखला. विडीवर हजारो मजुरांची, विशेषतः घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची उपजीविका अवलंबून होती. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विडी ओढणाऱ्याच्या आरोग्याचा विचार मात्र कायद्यात पुष्कळ उशिरा आला.

अर्धवट निर्बंध

१९७५ च्या सिगारेट अधिनियमाने पाकिटावर आणि जाहिरातीत वैधानिक इशारा छापणे बंधनकारक केले. परंतु हा कायदा केवळ सिगारेटपुरता होता. विडी आणि खाण्याची तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर राहिली. शिवाय इशारा छापला की जाहिरात करण्यास मोकळीक होती. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या आचारसंहितेने तंबाखूच्या जाहिराती नाकारल्या, तेव्हा दोन आडवाटा पुढे आल्या.

पहिली वाट क्रीडाक्षेत्राची होती. १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा ‘विल्स’ या सिगारेटच्या नावाने भरली. त्या स्पर्धेतील ऑस्ट्रेलिया आणि झिंबाब्वे यांचा सामना १ मार्च १९९६ रोजी नागपुरातच, विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर झाला. सिगारेटची जाहिरात न दाखविणाऱ्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सिगारेटचे नाव दिवसभर झळकत राहिले. त्याच वर्षी गोव्यातील शाळकरी मुलांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पुरस्कृत सामन्यांमुळे धूम्रपान आणि खेळातील नैपुण्य यांचा संबंध असल्याची चुकीची समजूत मुलांत पसरते, असे त्यात दाखविले होते.

दुसरी वाट पान मसाल्याची होती. १९८० च्या दशकात पान मसाला लहान पुड्यांतून मिळू लागला आणि त्याच्या जाहिराती दूरदर्शनवर येऊ लागल्या. एका जाहिरातीत अशोककुमार आणि शम्मी कपूर हे ज्येष्ठ नट परस्परांचे व्याही म्हणून दिसत आणि लग्नाच्या बोलणीत पान मसाल्याला मानाचे स्थान मिळे. पान मसाल्यात तंबाखू मिसळली की गुटखा होतो. एकाच नावाचे दोन्ही पदार्थ बाजारात आले आणि एकाची जाहिरात दुसऱ्याच्या कामी आली.

२००३ चा कायदा आणि त्यानंतर

सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला. त्यानंतर २००३ चा सर्वसमावेशक कायदा झाला आणि १ मे २००४ पासून त्यातील प्रमुख तरतुदी अमलात आल्या. सिगारेट, विडी, खाण्याची तंबाखू, गुटखा असे सर्व पदार्थ प्रथमच एका कायद्याखाली आले. कलम ५ अन्वये जाहिरात आणि प्रायोजकत्व निषिद्ध ठरले. कलम ६ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करण्यास बंदी झाली. कलम ७ अन्वये वेष्टनावर इशारा आला. ३१ मे २००९ पासून त्याला चित्राची जोड मिळाली आणि १ एप्रिल २०१६ पासून त्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापला. २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटांतील धूम्रपानाच्या दृश्यांसोबत इशारे देणे आवश्यक झाले, तर २०२३ च्या नियमांनी हे बंधन इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांना व मालिकांना लागू केले.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पान मसाला यांवर बंदी घातली. पुढील आदेशांनी सुगंधित तंबाखू व सुपारीही तीत समाविष्ट केली. यावर काही उत्पादकांनी पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकण्याची युक्ती काढली. मोठ्या पडद्यापासून क्रिकेटच्या सामन्यांपर्यंत आता वेलचीच्या जाहिराती दिसतात. दाखविली जाते ती वेलची. स्मरणात राहते ते ओळखीचे नाव.

खर्ऱ्याची न लिहिलेली जाहिरात

येथवरचा इतिहास कारखानदारांच्या मालाचा झाला. नागपूर व पूर्व विदर्भापुढील प्रश्न याहून वेगळा आहे, कारण येथील प्रमुख व्यसन खर्ऱ्याचे आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेलेवाला गिऱ्हाइकासमोरच खर्रा घोटतो आणि त्याच पन्नीची पुडी बांधून देतो. त्याला कारखाना नाही आणि छापील वेष्टनही नाही. त्यामुळे ८५ टक्के जागा व्यापणारे इशाऱ्याचे चित्र खर्रा खाणाऱ्याच्या नजरेस पडतच नाही. जाहिरातबंदीचाही येथे फारसा उपयोग होत नाही, कारण खर्ऱ्याची जाहिरात छापली जात नाही. ती व्यवहारात घडते. काका किंवा आजोबा मुलाच्या हाती पैसे देऊन खर्रा आणावयास पाठवितात. बैठकीत पुडी सोडून ती सर्वांपुढे फिरविणे हा पाहुणचार समजला जातो. शाळेच्या वाटेवरील ठेल्यावर मोठी माणसे खर्ऱ्यासाठी थांबलेली मुले रोज पाहतात. कोणत्याही कंपनीला एवढी प्रभावी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

आकडेवारी हेच दर्शविते. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २००९-१० ते २०१६-१७ या काळात महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ६.६ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. तंबाखू खाणाऱ्या व लावणाऱ्यांचे प्रमाण मात्र २७.६ वरून २४.४ टक्क्यांपर्यंतच उतरले. धुराविरुद्धचे उपाय जेवढे लागू पडले, तेवढे तोंडातील तंबाखूविरुद्धचे पडले नाहीत.

खर्ऱ्यात दोन अपायकारक द्रव्ये एकत्र येतात. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून लवकर शोषले जाते आणि सवय पक्की होते. सुपारी निरुपद्रवी आहे ही समजूतही खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीसही कर्करोगकारक ठरविले. सुपारीमुळे गालांच्या आतील भाग ताठर होत जातो, तिखट लागताच आग होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जातात. ती जात नसतील तर विलंब न लावता दंतवैद्याकडे जावे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात अशी तपासणी होऊ शकते. शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी ही साधी चाचणी शिक्षकांनाही घेता येईल.

गावाने करावयाची कामे

न लिहिलेली जाहिरात दिल्लीतील किंवा मुंबईतील आदेशाने थांबणार नाही. ती थांबविण्यासाठी पुढील गोष्टी स्थानिक पातळीवर करता येतील.

शाळेच्या हद्दीपासून शंभर यार्डांचे अंतर प्रत्यक्ष मोजून तेथे पिवळी रेषा आखावी आणि तिच्या आतील विक्री बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. ठेलेवाल्यास दुसरी जागा किंवा दुसरा माल सुचविला तर ठरावाची अंमलबजावणी सुकर होईल. अठरा वर्षांखालील मुलांना विक्री होणार नाही, असा फलक प्रत्येक विक्रेत्याने लावणे आवश्यक आहे. तो आहे की नाही हे पाहावे. मुलास तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही माहिती पालकसभेत द्यावी. ग्रामपंचायतीच्या बैठकीत, लग्नमांडवात आणि शासकीय कार्यालयात खर्ऱ्याची पुडी फिरणार नाही, एवढा दंडक सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी प्रथम स्वतःस लावून घ्यावा. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रम गावसंघटनेच्या बळावर चालविला. इच्छुक गावांनी त्याचा अभ्यास करावा.

ज्यांना सवय जडली आहे त्यांची हेटाळणी करू नये. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. तो क्रमांक शाळेत, पंचायतीत आणि आरोग्य उपकेंद्रात ठळक अक्षरांत लावावा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच विदर्भात खंजिरीच्या साथीने व्यसनमुक्तीचा उपदेश गावोगावी पोहोचविला. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव आहे. त्या रुग्णालयाकडे जाणारी वाट अनेकांच्या बाबतीत गावातल्या ठेल्यापासून सुरू होते. ती तेथेच अडविण्याचे काम शिक्षक, सरपंच आणि ग्रामसेवक यांनी एकत्र येऊन हाती घ्यावयास हवे.