३० दात, ७८ दात

संपादकांना इलेक्ट्रिक गाड्यांवर लेख हवा होता. मी मात्र अडकलो पुण्यातल्या एका गॅरेजात, टेबलावर सुटा करून ठेवलेल्या हायब्रिडच्या गिअरपाशी. मधोमध छोटं चाक, त्याला खेटून फिरणारी लहान चाकं आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. टोयोटाची पहिली प्रियस डिसेंबर १९९७मध्ये जपानात विक्रीला आली ती असाच संच घेऊन. ताकेशी उचियामादा तिचे मुख्य अभियंता. इतिहास इतका पुरे.

"लहान चाकांची चौकट घट्ट धरा सर, आणि कडं फिरवा," मेस्त्री म्हणाले. फिरवलं, तर मधलं चाक उलटं भिरभिरलं. चौकटीला इंजिन जोडलेलं असतं, मधल्या चाकाला जनरेटर, कड्याला मोटर आणि पुढे रस्त्यावरची चाकं. मधल्याला ३० दात, कड्याला ७८. म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी मोटरवर निघाली, तर कड्याच्या एका फेऱ्याला जनरेटर उलटे २.६ फेरे घेतो. इंजिन सुरू झालं की त्याचा टॉर्क दातांच्याच हिशेबाने वाटला जातो, ७२ टक्के कड्याकडे, २८ टक्के जनरेटरकडे. जनरेटरचा वेग कमीजास्त केला की गिअर बदलल्यासारखं होतं. क्लचप्लेट नाहीच. इतकी हुशारी मूठभर लोखंडात! (जाहिरातीतली प्रत्येक हायब्रिड अशी नसते. काहींत मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही.) आणि प्लग नसलेल्या हायब्रिडची वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, ब्रेक लावताना परत मिळते तीसुद्धा.

इलेक्ट्रिक गाडीत हा खटाटोपच नाही. रांजणगावची नेक्सॉन ईव्ही २०२०मध्ये ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन आली. बॅटरीतल्या डीसी विजेची इन्व्हर्टर तीन फेजची एसी करतो, फ्रीक्वेन्सी वाढवली की मोटरचा वेग वाढतो, आणि तो चाकांपर्यंत उतरवायला एकच ठरावीक गिअर पुरतो. पाय उचलला की तीच मोटर जनरेटर होते.

मेस्त्रींची काळजी इथूनच सुरू होते. नारिंगी केबलला हात लावण्याआधी रबरी हातमोजे घालायचे, सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं, हे ते शिकले. पण पॅकमधले सेल एकसर जोडलेले असतात. त्यातला सगळ्यात अशक्त सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही पॅक थांबवावा लागतो. तो सेल कुठला, हे सांगणारं सॉफ्टवेअर कंपनीकडे, आणि पेटी सीलबंद. २०२२च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. त्यामुळे पेटी कुणीही उघडू नये, हे मला पटतं. पण वॉरंटी संपल्यावर तिसऱ्या मालकाने एका सेलपायी अख्खा पॅक बदलावा, हे पटत नाही.

तूर्त मेस्त्रींकडे इलेक्ट्रिक गाड्या येतात त्या टायर आणि सस्पेन्शनसाठी. ब्रेकपॅडचं गिऱ्हाईकही कमीच. मोटरच वेग उतरवते म्हटल्यावर पॅड झिजणार कसे?