फिरलेले देऊळ आणि बेथलेहेमची प्रार्थना

महाशिवरात्रीस औंढा नागनाथाच्या दर्शनाला आलेला भाविक प्रदक्षिणा घालताना क्षणभर थबकतो. समोर असावयाचा नंदी येथे देवळाच्या पाठीमागे आहे! त्याचे कारण आमच्याकडील लहान मूलही सांगेल. नामदेवराय देवासमोर कीर्तनास उभे राहिले, दारातल्या मंडळींनी त्यांना उठविले. ते मुकाट्याने मागे जाऊन गाऊ लागले आणि नागनाथाने देऊळच त्यांच्याकडे फिरविले.

सज्जनहो, ही कथा मी आयुष्यभर उत्तररंगात लावीत आलो. परंतु २०२३ च्या नाताळातील एका वार्तेने तिचा अर्थ मला नव्याने पुसला.

येशू ख्रिस्ताचे जन्मगाव बेथलेहेम पॅलेस्टाईनच्या पश्चिम किनारा भागात आहे. १९६७ च्या युद्धापासून हा प्रदेश इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो जीव गेले. १९ ऑक्टोबरच्या रात्री गाझातील संत पोर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारात आश्रयास आलेले लोकही बॉम्बहल्ल्यात सापडले. त्या नाताळात बेथलेहेमने रोषणाई केली नाही. तेथील लुथरन चर्चमध्ये गव्हाणीऐवजी दगडमातीचा ढिगारा रचून त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवण्यात आली. ख्रिस्त आज जन्मता तर अशाच ढिगाऱ्याखाली जन्मता, असे तेथील धर्मगुरू मुन्थर आयझॅक यांनी सांगितले.

ही प्रार्थना एका वर्षाची नव्हे. २००९ साली पॅलेस्टिनी ख्रिस्ती धर्मसेवकांनी व विचारवंतांनी ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हे निवेदन बेथलेहेमात प्रसिद्ध केले. लष्करी ताबा हे ईश्वराविरुद्धचे पाप आहे, असे त्यांनी निःसंदिग्ध म्हटले. त्याबरोबरच प्रतिकाराचा पाया प्रेम हाच असावा आणि प्रत्येक माणसात ईश्वराचे मुख पाहावे, असेही म्हटले. जवळच्या क्रेमिसान खोऱ्यातून भिंत जाणार असे दिसताच २०११ पासून तेथील ख्रिस्ती मंडळी दर शुक्रवारी ऑलिव्हच्या झाडांखाली उपासनेस जमू लागली.

ही प्रार्थना यहुद्यांच्या द्वेषाची नव्हे, हे ध्यानी असावे. आपल्या कोकणातील बेने इस्रायल यहुदी शतकानुशतके आपल्यात नांदले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मराठीतून कीर्तनेही केली. ज्ञानेश्वर माउलींनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे दुष्टपण जावे, इतकेच मागितले.

येथे कोणी विचारील, प्रार्थनेने भिंत पडली काय? नाही. २०१५ साली त्या परिसरातील झाडे उपटली गेली. मग प्रार्थनेने साधले काय?

उत्तर शोधताना मी पुन्हा आमच्या देवळापाशी आलो. कीर्तनात मी सदैव नामदेवरायांच्या बाजूस उभा राहिलो. परंतु मी संस्कृत पढलेला, मानाने पुढे बसणारा. दारातली ती मंडळी माझ्याच जातकुळीची नव्हती काय? देवाने त्यांना शिक्षा केली नाही. केवळ त्यांच्याकडे पाठ केली. ज्याला बाहेर काढले त्याच्याकडे देव वळतो. आपण कोठे उभे आहोत, हे ज्याचे त्याने पाहावे. प्रार्थनेने आधी प्रार्थना करणारा वळावा, तेव्हाच न्यायाची वाट मोकळी होते.

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी शांततेसाठी उपवास व प्रार्थनेचा दिवस पाळावयास सांगितले होते. आपल्याकडे ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. शिवरात्रीला आपण देवाजवळ राहतो. तो देव त्या रात्री ढिगाऱ्यापाशी असेल, तर आपला उपवासही तेथपर्यंत पोहोचला पाहिजे. जागरणाच्या चौथ्या प्रहरी बेल वाहताना एक पान त्या अनोळखी लेकरांसाठी वाहावे, आणि दुसरे आपल्या गावात अजूनही ज्यांना मागे उभे केले जाते त्यांच्यासाठी.