दोन औषधे एकत्र दिली तर?

मोटर न्यूरॉन डिसीजचे निदान झाले की रुग्णाचे आप्त आम्हांस विचारतात, "एका औषधाने भागत नसेल, तर दोन-तीन औषधे एकत्र का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. क्षयरोगावर औषधांच्या संयोगानेच मात करता आली. म्हणून त्याचे उत्तर या अहवालात देत आहोत.

या आजारात स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. हातपाय, वाचा, गिळणे आणि अखेरीस श्वसन दुर्बल होते. पेशींच्या नाशाची कारणे अनेक असल्याने उपचारही अनेक बाजूंनी करावेत, हा विचार स्वाभाविक होता. १९९५ साली अमेरिकेत मान्य झालेल्या रिल्युझोलने आयुष्य सुमारे दोन ते तीन महिन्यांनी वाढते, असे चाचण्यांत दिसले होते. त्याला जोड शोधणे सुरू झाले.

२००३ साली रिल्युझोल, मिनोसायक्लिन व निमोडिपिन यांचा संयोग उंदरांत आशादायक ठरला. परंतु २००७ साली ४१२ रुग्णांवरील चाचणीत मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती अधिक वेगाने खालावल्याचे आढळले. २००८ साली इटलीतील ४४ रुग्णांच्या अभ्यासात रिल्युझोलसोबत लिथियम दिल्याने आजार मंदावल्याचे जाहीर झाले. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो लाभ दिसला नाही. सोडियम फेनिलब्युटायरेट व टॉरर्सोडायोल यांच्या मिश्रणाने २०२० साली १३७ रुग्णांच्या चाचणीत आशा दाखविली आणि २०२२ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २०२४ साली ६६४ रुग्णांच्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले व उत्पादकांनी ते बाजारातून मागे घेतले.

असे का व्हावे? हा आजार प्रत्येकात वेगळ्या गतीने वाढतो. मोजक्या रुग्णांत आढळलेला फरक औषधाचा की योगायोगाचा, हे तुलनेसाठी दुसरा गट असलेल्या मोठ्या चाचणीवाचून कळत नाही. म्हणूनच कोणी खात्रीने बरे करण्याचे आश्वासन देऊन औषधांचे महागडे मिश्रण सुचविले, तर दागिने गहाण ठेवण्यापूर्वी आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

याचा अर्थ हाती काहीच नाही, असा नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात, बोलणे-गिळणे फारसे बिघडलेले नसलेल्या रुग्णांचे आयुष्य मुखवट्याद्वारे श्वास देणाऱ्या यंत्राने सुमारे सात महिन्यांनी वाढल्याचे दिसले. वेळेवर दिलेले श्वसनयंत्र, योग्य आहार व फिजिओथेरपी हाही संयुक्त उपचारच आहे. दात्यांचा प्रत्येक रुपया अशाच सिद्ध उपचारांच्या कामी यावा, हे आम्ही आपले कर्तव्य मानतो.