पटकीचा माग

इ. स. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहरातील सोहो नावाच्या वस्तीत पटकीची साथ एकाएकी उसळली. ब्रॉड स्ट्रीट ह्या रस्त्याच्या आसपास, पाच-दहा मिनिटांत पायी फिरून येता येईल एवढ्याशा टापूत, दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते घरांना कुलपे लावून निघून गेले.

पटकी कशामुळे होते, हे त्या काळी कोणासच निश्चित ठाऊक नव्हते. घाणीपासून निघणारी विषारी हवा श्वासाबरोबर आत जाते व रोग जडतो, असे बहुतेक वैद्य व अधिकारी मानीत. लंडनमधील दुर्गंधी पाहता ह्या मतात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु डॉ. जॉन स्नो ह्याला ते पटत नसे. यॉर्क शहरातील एका मजुराचा हा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिला, आणि पुढे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कोळशाच्या खाणीतील मजुरांत पटकीच्या रोग्यांची शुश्रूषा त्याने केली. तेथे जमिनीखाली शौचाची सोय नव्हती व मजूर न धुतलेल्या हातांनीच भाकर खात, ही गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली. पटकीचा पहिला घाला आतड्यांवर होतो, फुप्फुसांवर नव्हे; तेव्हा तिचे विष हवेतून नव्हे, तर तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे, असा तर्क त्याने १८४९ साली प्रसिद्ध केला. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. तर्काला पुरावा हवा होता.

सोहोमधील साथीची वार्ता कळताच स्नोने मृत्यूंच्या सरकारी नोंदी मिळविल्या. पहिल्या तीन दिवसांतील ८३ मृत्यूंची नावे व पत्ते घेऊन तो घरोघर हिंडला. मृत माणूस पाणी कोठले पीत असे, एवढेच तो मुख्यतः विचारी. जवळजवळ सर्व मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक हातपंपाच्या परिसरातील निघाले. केवळ दहा जणांची घरे दुसऱ्या एखाद्या पंपाला अधिक जवळ होती. पण त्यांपैकी पाच जणांना ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आवडे म्हणून ते तेथूनच पाणी आणवीत, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात असत.

रोग कोणाला झाला हे पाहणे त्या मानाने सोपे असते. स्नोने तो कोणाला झाला नाही हेही तितक्याच काळजीने पाहिले. पंपाच्या जवळच निराधार लोकांचे एक आश्रयगृह होते. तेथील ५३५ माणसांपैकी अवघी पाच पटकीने मेली. त्या घराच्या आवारात स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरांहून अधिक कामगार असून त्यांपैकी एकही मेला नाही; त्यांना बिअर फुकट मिळे व ते रस्त्यावरच्या पंपाकडे फिरकतही नसत. उलट, जेथे पटकीचे नावही नव्हते अशा दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई ह्याच रोगाने मरण पावली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची गोडी होती व ते पाणी रोज गाडीतून तिच्या घरी येत असे!

ही माहिती त्याने ७ सप्टेंबर रोजी स्थानिक कारभाऱ्यांपुढे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. दांडा काढताच साथ थांबली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. माणसे निघून गेल्याने साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, आणि स्नोने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे.

त्याचा अधिक मोठा पुरावा दक्षिण लंडनमधील आहे. तेथे दोन कंपन्या एकाच रस्त्यावरील घरांना पाणी पुरवीत. एका घरी एकीचा नळ, तर शेजारी दुसरीचा. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी शहराची घाण जेथे मिसळते तेथेच थेम्स नदीचे पाणी उचली. लॅम्बेथ कंपनीने मात्र आपले पाणी घेण्याचे ठिकाण १८५२ साली शहराच्या वर, प्रवाहाच्या स्वच्छ भागात नेले होते. पुष्कळ भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे, हेच माहीत नसे. पहिल्या कंपनीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण सुमारे चाळीस पट असल्यामुळे स्नो सिल्व्हर नायट्रेटच्या साहाय्याने ते ओळखी. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७. हवा तीच, रस्ता तोच, गरिबीही तीच; वेगळे होते ते पाणी.

तरीही आरोग्यखात्याच्या वरिष्ठांनी हे मत मानले नाही. सोहोमधील हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण धर्मोपदेशक तर ते खोटे ठरविण्यासाठीच चौकशीला निघाला. आपल्या परिचयाच्या घरांतून तो पुनःपुन्हा हिंडला, आणि १८५५ साली त्यालाच पहिल्या रोग्याचा माग लागला. पंपासमोरील ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते. आईने त्याचे कपडे धुतलेले पाणी घरापुढील मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. तो खड्डा उघडून पाहता त्याच्या विटा झिजलेल्या आढळल्या. विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. व्हाइटहेडचे मत पालटले.

स्नो १८५८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू निश्चित केला तो त्यानंतर पाव शतकाने. पण १८६६ साली पूर्व लंडनमध्ये पटकी पुन्हा उद्भवली, तेव्हा सरकारी मृत्युनोंदी ठेवणारा विल्यम फार, जो एके काळी दूषित हवेचाच पुरस्कर्ता होता, त्याने पहिल्याने त्या भागाचा पाणीपुरवठा तपासावयास घेतला. माग थेट कंपनीच्या एका उघड्या तळ्यापाशी जाऊन पोचला. त्यातील पाणी न गाळताच घरोघर पाठविले जात होते.