मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे पूर्वानुमान आणि जनुकीय दर्शक : पेडणे व डिचोलीच्या संदर्भात

प्रास्ताविक :
मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ काढल्यावर रुग्णाचे कुटुंबीय विचारतात, रोग परत येईल का? पेडणे व डिचोली तालुक्यांतील रुग्णांना उपचारासाठी बहुधा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अथवा मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी तीन ते सहा महिने चालते. दर खेपेस रुग्णाबरोबर घरातील एकाची मजुरी बुडते. म्हणून ती कोणाला खरोखर आवश्यक आहे, हे ठरविणे महत्त्वाचे आहे.

अवस्थेची मर्यादा :
गाठ किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोहोचली काय, यावरून रोगाची अवस्था ठरते. त्यासाठी किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. तथापि एकाच अवस्थेतील दोन रुग्णांची वाटचाल भिन्न असू शकते. कर्करोग हा जनुकांतील बदल टप्प्याटप्प्याने साचून होतो, असे फिअरॉन व व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडले. त्या बदलांतच पूर्वानुमानाचे दर्शक सापडतात.

प्रमुख दर्शक :
१) एमएसआय : डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ ही जनुके निकामी झाली की हा दोष दिसतो. सुमारे १५ टक्के गाठींत तो आढळतो. दुसऱ्या अवस्थेत असा दोष असल्यास पूर्वानुमान चांगले असते आणि केवळ फ्लुरोयुरॅसिल देऊन लाभ होत नाही. म्हणजे अशा रुग्णाची केमोथेरपी बहुधा टाळता येते.
२) बीआरएएफ : रोग पसरलेला असताना या जनुकातील व्ही६००ई हा बदल आढळल्यास पूर्वानुमान प्रतिकूल असते.
३) केआरएएस : यात बदल असल्यास सेटुक्सिमॅब हे महागडे औषध लागू पडत नाही, खर्च वाया जातो.

कुटुंबाशी संबंध :
एमएसआयचा दोष काही रुग्णांत आनुवंशिक असतो. त्यास लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. वेळेवर कोलोनोस्कोपी केल्यास त्यांचा रोग टाळता अथवा लवकर पकडता येतो.

निष्कर्ष :
दर्शक भविष्य सांगत नाहीत, संभाव्यता सांगतात. अवस्थेसह त्यांचा विचार व्हावा. दुरुस्ती-प्रथिनांची तपासणी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतकावर करता येते. यास्तव रुग्णाने विकृतिशास्त्राचा अहवाल जपून ठेवावा, ऊतकाचा ब्लॉक कोठे आहे याची नोंद घ्यावी आणि केमोथेरपीपूर्वी या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.